खिडकीची कड

रंगाऱ्यांच्या त्या टोळीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्याला ना दोरी लागायची, ना वजन. खिडकीची चौकट आणि भिंत जिथे मिळतात तिथे तो ब्रश टेकवायचा आणि एका दमात वरपासून खालपर्यंत ओढत आणायचा. भिंतीचा रंग भिंतीवर, चौकटीचा चौकटीवर, आणि मधली कड सुरीने कापल्यासारखी. एका घरमालकाने म्हणे तिथे फूटपट्टी लावून पाहिली आणि पट्टीच वाकडी निघाली म्हणून फेकून दिली. ही गोष्ट टोळीतला प्रत्येक जण आपण स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगायचा. ओळंबा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "लाकडी पट्टी होती. पाणी लागून वाकली असेल."

त्याच्यासोबत कायम त्याचा धाकटा भाऊ असायचा. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, त्यामुळे धाकट्याला ओळंब्यानेच वाढवलं. स्वतःला मिसरूड फुटायच्या आत तो एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. घरी धाकट्याला बघायला कोणी नाही म्हणून त्याला बरोबर घेऊन जायचा आणि रिकाम्या डब्यावर बसवून ठेवायचा. पुढे धाकटा अंगाने चांगला आडवातिडवा वाढला आणि भिंती त्याच्याकडे आल्या. रोलर घेऊन सुटला की चहा येईस्तोवर एक भिंत हातावेगळी करायचा. जेवढा रंग भिंतीवर तेवढाच अंगावर. "तुझ्यासाठी वेगळा डबा धरायला हवा हिशोबात," असं ओळंबा त्याला चिडवायचा. दोघांची वाटणी न बोलता ठरून गेली होती. मैदान धाकट्याचं, कड ओळंब्याची.

खिडकीची कड हे घाईचं काम नव्हे. ओळंबा आधी चौकटीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडायचा. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट लांबीने भरायचा. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लगदा. ती वाळली की काचपेपर मारायचा आणि डोळे मिटून बोट फिरवायचा, कुठे खरखरतंय का ते बघायला. मग ब्रश रंगात टोकापुरता बुडवून डब्याच्या काठाला टेकवायचा. पहिला हात कडेवर कधीच ठेवायचा नाही, बोटभर अलीकडे ठेवायचा. ब्रशच्या पोटातला जादा रंग तिथे उतरतो. नंतर हलकेच दाबत कडेकडे सरकायचं, केस पसरतात, त्यांची एक पातळ धार होते, आणि ती धार झाली की न थांबता ओढायचं. चिकटपट्टी लावून कड काढणाऱ्यांना तो नावं ठेवत नसे. "लावा की. पण नखाने नीट दाबा, नाहीतर खालून रंग शिरेल. आणि ओला आहे तोवर काढा. वाळल्यावर ओढाल तर भिंतीची सालही बरोबर येईल." स्वतः मात्र त्याने कधी पट्टी लावली नाही.

घरी बायको. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. दोघांना मूलबाळ झालं नाही. ओळंब्याचं लग्न झालं तेव्हा धाकटा शाळेत होता, त्याची दप्तरं, तापखोकला, हट्ट सगळं तिनेच काढलं. तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भाऊजी म्हणायची, पण ताटात पहिली पोळी पडायची ती त्याच्या. त्याचं लग्न झाल्यावर तो शेजारच्याच खोलीत राहायला गेला. मधल्या भिंतीवर टकटक केलं की चहा झाला असं समजायचं.

पन्नाशी ओलांडल्यावर ओळंबा धडपडायला लागला. कामाच्या जागी पायात बादली यायची. दारातून जाताना खांदा चौकटीला आपटायचा. घरी चहा ओतताना कपाच्या बाजूलाच धार पडायची. टोळीतल्यांनी त्याचीही गंमत केली. "ओळंब्याचं वजन हललं वाटतं," म्हणाले. तोही हसला. बायको हसली नाही.

"अहो, एकदा डोळे दाखवून या."

"डोळ्यांना काय झालंय? समोर टांगलेल्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षर वाचून दाखवू?"

"मग कपाबाहेर चहा का सांडता?"

"लक्ष नसतं. वय झालं आता," तो म्हणायचा आणि त्यावर त्याचा हुकमाचा एक्का टाकायचा, "आणि खिडकीची कड सरळ येतेय ना अजून? डोळे गेले असते तर आली असती का?"

खरंच येत होती. पूर्ण झालेलं काम तीही एकदोनदा बघून आली होती, आणि काजं करून करून तिचीही नजर कमी बारीक नव्हती. कडेत खोट काढायला जागा नव्हती.

असंच एकदा एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचं काम चालू होतं. तळमजल्यावरची रस्त्याकडेची मोठी खिडकी त्या दिवशी ओळंब्याने केली. काम उरकलं तसा धाकटा नेहमीसारखा म्हणाला, "दादा, तू हो पुढे. मी ब्रश धुऊन येतो." गेले कित्येक महिने तो असंच म्हणत होता आणि भाऊ आपली काळजी करतो म्हणून ओळंब्याला बरं वाटत होतं. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, जेवणाचा डबा आतच राहिला. तो परत फिरला.

रस्त्यावर अंधारून आलं होतं आणि आत दिवा लागला होता. त्यामुळे खिडकीतून सगळी खोली उजेडात दिसत होती. धाकटा काचेपलीकडे उभा होता, ओळंब्याने नुकत्याच केलेल्या कडेला तोंड लावल्यासारखा जवळ. त्याच्या एका हातात ओला फडका होता. बोटाच्या टोकाला तो फडका गुंडाळून तो चौकटीवरून काहीतरी पुसत होता. पुसून झालं की बारीक ब्रश घ्यायचा आणि श्वास रोखून ओढायचा. एवढा मोठा गडी, पण हात असा चालत होता की ओळंबा बघतच राहिला. ब्रश कडेपासून बोटभर अलीकडे टेकत होता आणि हलकेच दाबत पुढे सरकत होता.

ओळंबा आत गेला.

"काय करतोयस?"

धाकटा दचकला. फडका धरलेला हात त्याने पाठीमागे नेला. "काही नाही. धूळ बसली होती जरा."

"ओल्या रंगावरची धूळ पुसतोस?"

धाकट्याने ब्रश डब्यावर ठेवला.

"कधीपासून चाललंय हे?"

"घरी चल, दादा. वहिनी वाट बघत असेल."

"कधीपासून म्हणून विचारतोय."

"शाळेचं काम होतं ना," धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "तेव्हापासून."

शाळेचं काम मागच्या उन्हाळ्यातलं. त्यानंतर पाऊस येऊन गेला, थंडी सरली, आणि आता पुन्हा ऊन तापायला लागलं होतं.

"रोज?"

"आधी कधीतरी एखादी खिडकी असायची. मला वाटलं, थकला असशील. मग..." त्याने फडका खाली ठेवला. "मग रोज."

खिडकीची डावी बाजू पुसून झाली होती, उजवी अजून तशीच होती. ओळंबा उजवीकडे गेला. त्याने समोरून पाहिलं. कड सरळ दिसली, नेहमीसारखी, कापल्यासारखी. त्याने मान थोडी वळवली आणि एक डोळा मिटला. तेव्हा चौकटीवर गेलेला भिंतीचा रंग त्याला दिसला. मान सरळ केली की रंग नाहीसा व्हायचा, वळवली की पुन्हा यायचा. खाली तर एक फराटा चौकट ओलांडून काचेवर गेला होता. ओळंब्याने त्यावर बोट ठेवलं. बोट ओलं झालं.

"पूस," तो म्हणाला. "मालकीणबाई सकाळी बघतील."

डबा घेऊन तो बाहेर पडला. धाकट्यासाठी थांबला नाही.

बायकोला कारण न सांगता ओळंबा तयार झाला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिघेही गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी ओळंब्याला एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं आणि ठिपके चमकले की बटण दाबायला सांगितलं. तो वाट बघत बसला. ठिपके फारच थोडे येतायत असं त्याला वाटलं. बायको मागे उभी राहून यंत्राच्या पडद्याकडे बघत होती. तिला ठिपक्यांमागून ठिपके येताना दिसत होते आणि नवऱ्याचं बोट हलत नव्हतं.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस मरत जाते. मेलेली नस परत येत नाही. थेंब देते, गरज पडली तर शस्त्रक्रियाही करू, पण ते उरलेलं टिकवायला."

"पण मला तर कड सरळ दिसत होती," ओळंबा म्हणाला. त्याला अजून तेच एक कोडं पडलं होतं.

"दिसणारच. नजरेतली जागा गेली की तिथे काळं दिसत नाही. आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा भरून टाकतो. कड सरळच असणार हे तुम्हाला इतक्या वर्षांत पाठ झालंय. त्याने सरळ भरली." मग त्यांनी कागदावरून नजर वर केली. "जरा आधी यायला हवं होतं. वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं."

बाहेर बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "मी तेव्हापासून ओरडत होते. तुम्ही म्हणायचात, कड सरळ येतेय."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. तोच बोलला.

"येत नव्हती, वहिनी. मी नीट करत होतो."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती त्याच्याकडे वळली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, भाऊजी."

"मला वाटलं, त्याला कळलं तर तो मोडून पडेल. त्याचं सगळं त्या कडेत आहे."

"आणि मी ती कड बघून गप्प बसत होते," ती म्हणाली. पर्स काखोटीला मारून ती उठली आणि एकटीच बसथांब्याकडे चालू लागली.

त्या दिवसापासून तिने मधल्या भिंतीवर टकटक करणं बंद केलं.

ओळंबा काही दिवस कामावर गेला. लांबी भरणं, काचपेपर मारणं, बोटाने चाचपून होईल तेवढं तो करायचा. खिडकीकडे मात्र फिरकायचा नाही. टोळीतले लोक आता त्याची चेष्टा करत नव्हते, आणि तेच त्याला जास्त लागायचं. त्याच्या वाटेतल्या बादल्या कोणीतरी आधीच बाजूला करून ठेवलेल्या असायच्या. एक दिवस शिडीवरून उतरताना शेवटची पायरी राहिली आणि तो कोसळला. फार लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तो घरीच थांबला, आणि मग थांबलाच.

धाकटा रोज कामावरून आला की दाराशी यायचा. वहिनी आत निघून जायची. तो उंबऱ्यावर बसायचा, टोळीतल्या बातम्या सांगायचा, कोणाचं काम कुठे लागलंय, ठेकेदार कुणावर उखडला. ओळंबा ऐकायचा आणि हं म्हणायचा. एकदा धाकट्याचं सांगणं मध्येच तुटलं.

"दादा, शिव्या दे. दोन मुस्कटात मार. पण काहीतरी बोल."

ओळंब्याच्या डोळ्यात थेंब घातलेले, ते गालावर ओघळत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. सगळे मला म्हणाले, पोराला सांग, आई बाहेरगावी गेलीय, येईल. मी तुला काय सांगितलं, आठवतं?"

"मेली म्हणून सांगितलंस."

"मेली, परत येणार नाही, असं सांगितलं. तू ओरडून ओरडून घसा बसवलास. मावशीने मला नको नको ते सुनावलं. पण त्यानंतर तू दाराकडे बघत बसला नाहीस. जेवायला लागलास, झोपायला लागलास." तो थांबला. "तेवढंच तू माझ्यासाठी करायचं होतंस."

धाकट्याने गुडघ्यात डोकं घातलं. ओळंब्याला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. त्याने ठेवला नाही. राग अजून होता आणि तो लपवून ठेवायचा त्याला कंटाळा आला होता.

पण एकटा असला की त्याला दुसरंही आठवायचं. पहिल्यांदा खांदा आपटला तेव्हाच त्याला शंका आली होती. रस्ता ओलांडताना सायकलवाला एकदम अंगावर आल्यासारखा वाटायचा, जणू हवेतून निघाला. असं झालं की तो दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन आधी आदल्या दिवशीची खिडकी बघायचा. कड सरळ दिसली की जीव भांड्यात पडायचा. डॉक्टरकडे जायचं त्याने टाळलं होतं ते भीतीने, आणि टाळायला निमित्त हवं होतं ते भावाने आयतं दिलं होतं. एका दुपारी भाजी निवडत बसलेल्या बायकोला त्याने हे सांगून टाकलं.

"मलाही आतून कळत होतं. सगळा दोष त्याचा नाही."

ती शेंगा सोलत राहिली. "ते तुमचं तुमच्यापाशी. तुम्ही भित्रे आहात हे मला लग्नापासून माहीत आहे. पण भाऊजींनी मला तरी सांगायचं होतं. मी तुम्हाला ओढत नेलं असतं."

ती खरंच ओढत घेऊन गेली असती.

त्यांच्या स्वतःच्या घराला कित्येक वर्षांत रंग लागला नव्हता. रंगाऱ्याच्या घराची तीच गत. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीचे पोपडे निघाले होते. थेंब आणि शस्त्रक्रिया झाल्यावरही नजर आत आत आकसत चालली, तेव्हा ओळंब्याने बायकोला सांगितलं, "ही खोली करून घेऊ. त्याला बोलव."

"तुम्हीच बोलवा," ती म्हणाली.

त्याने मधल्या भिंतीवर टकटक केलं.

धाकट्याने सुट्टीच्या दिवशी येऊन भिंती खरवडल्या, लांबी भरली, पहिला हात मारला, दुसरा मारला. खिडकीभोवतीची वीतभर जागा त्याने सोडून ठेवली. मग तो ओळंब्याकडे बघत उभा राहिला.

ओळंबा उठला. त्याने चौकट डोळे मिटून चाचपली, वरचा कोपरा, खालचा कोपरा. ब्रश मागून घेतला, टोकापुरता बुडवला, डब्याच्या काठाला टेकवला. हाताला काही झालंच नव्हतं. तो सावकाश वरून खाली आला, मग दुसऱ्या बाजूने, मग वरची आडवी, मग खालची. बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. ओळंब्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"कशी आली?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"कशी आली म्हणून विचारलं."

"वाकडी आलीय, दादा," धाकटा म्हणाला. "डावीकडे वरून अर्ध्यापर्यंत ठीक आहे. मग चौकटीवर चढलीय. खालच्या कोपऱ्यात बोटभर रंग आत आलाय. उजवीकडे भिंतीची जुनी पट्टी तशीच राहिलीय, मधोमध."

"काचेवर?"

"काचेवरही आहे. थोडा."

ओळंब्याने मान हलवली. तो खाली बसला आणि बसताना त्याने हात पुढे केला. धाकट्याने तो धरला.

"पुसू का?"

"नको. राहू दे. माझ्या घरची आहे."

वहिनीने चहा केला. दोन कप ट्रेमध्ये ठेवून आणले. नवऱ्याचा कप तिने त्याच्या हातात दिला, धाकट्याचा जमिनीवर ठेवला आणि त्याच्याकडे सरकवला. हातात दिला नाही. पण त्यात साखर त्याला लागते तेवढी होती, आणि तो पिऊन होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

त्याहून जास्त काही तिच्याकडून पुढेही आलं नाही. भाऊजी जेवायला असले तर ती वाढायची, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची. पहिलं दोघांतलं हसणंबोलणं मात्र गेलं ते गेलंच. धाकट्याच्या बायकोने एकदा तिची समजूत काढायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "मी काही मनात धरून बसले नाही गं. पण ह्यांना रस्ता ओलांडून देताना रोज आठवतं."

ओळंब्याची नजर त्यानंतरच्या वर्षात गेली. उजेड आणि अंधार एवढं कळायचं. तो खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा आणि कधीतरी हाताने ती वाकडी कड चाचपायचा. वाळलेल्या रंगाचा उंचवटा बोटाला लागायचा.

टोळीतल्या खिडक्या आता धाकट्याकडे आल्या होत्या, आणि भिंतींना दुसरा माणूस घेतला होता. संध्याकाळी तो अंघोळ करून येऊन उंबऱ्यावर बसला की ओळंबा विचारायचा, आज काय केलं. धाकटा सांगायचा. दवाखान्याच्या सहा खिडक्या, चौकटी जुन्या, लाकूड फुगलेलं.

"कड?"

"चार चांगल्या आल्या. पाचवीला हात हलला, पुसून परत केली. सहावीला उजेड नव्हता, ती उद्या बघतो."

"सहावी कुठल्या बाजूला?"

"जिन्याकडे, पूर्वेला."

"मग सकाळी लवकर जा," ओळंबा म्हणाला. "दुपारनंतर तिथे सावली येत असेल."